नानांना माहीत नाही

देवपूरमध्ये झुलाल नानांचं घर शोधायला पत्ता लागत नाही. पांझरेचा पूल ओलांडला की कुठल्याही रिक्षावाल्याला "पोरांचे नाना" म्हणायचं, तो दारात आणून सोडतो. तसं नानांना स्वतःचं पोर एकच, प्रेमराज. पण त्या तीन खोल्यांत भावाची, साडूची, मेहुण्याची, झालंच तर गावाकडच्या शेजाऱ्याचीसुद्धा पोरं शिकायला राहून गेली. गावात सातवीपुढे शाळा नाही आणि धुळ्यात नाना आहेत, एवढा विचार सगळ्यांना पुरायचा. नाना एसटीत कंडक्टर होते. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव ही त्यांची वाट. ते दिवसभर गाडीत आणि भिकुबाई दिवसभर चुलीपाशी, असा संसार झाला.

नानांच्या घरी भाकरी मिळायची, पण आधी पाढा. ताट पुढे आलं की नाना विचारायचे, "सतरा अठ्ठे?" "छत्तीसासे", म्हणजे एकशे छत्तीस, हा शब्द बाहेर पडला की मगच हात ताटाकडे जायचा. ज्याचं अडायचं त्याला भिकुबाई मागच्या दारी चतकोर देत, आणि नाना तिकडे कानाडोळा करत. त्या पाढ्यांच्या जोरावर एक पोरगा तलाठी झाला, एक नाशकात इंजिनिअर झाला, एक मुलगी सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. मग काय विचारता. भाऊबंदकीत कुणाच्या पोराला कुठल्या शाळेत घालायचं, सायन्स की कॉमर्स, हे नानांना विचारल्याशिवाय ठरत नसे. विचारणारा आला की नाना डोळे मिटून बराच वेळ बसायचे आणि मग शब्द द्यायचे. खरं तर शब्द डोळे मिटण्याआधीच तयार असायचा. डोळे मिटणं हे समोरच्याच्या समाधानासाठी.

अशा माणसाच्या पोटच्या पोरानं आपली मुलगी नानांना न विचारता शाळेत घातली. प्रेमराज जळगावला राहतो, केळीचे कंटेनर आखातात पाठवतो. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, कोकिळानं, मेघाला शहराबाहेरच्या टेकडीवरच्या इंटरनॅशनल शाळेत पहिलीला घातलं आणि पेढे घेऊन मगच देवपूरला आले. नानांनी पेढा खाल्ला. पण घास कडू लागला, आणि पुढची चार वर्षं त्या शाळेच्या फाटकात त्यांनी पाऊल टाकलं नाही.

सुट्टीत मेघा आली की तिची परीक्षा मात्र व्हायची. "सतरा अठ्ठे?" मेघा म्हणायची, "थांबा हं नाना. दहा अठ्ठे ऐंशी, सात अठ्ठे छप्पन्न, म्हणजे एकशे छत्तीस." उत्तर बरोबर. पण नानांना ते दारात गाडी उभी असताना पायी आल्यासारखं वाटायचं. पोरीच्या दप्तरात पाठ्यपुस्तक नाही. प्रगतिपुस्तकात टक्के नाहीत, नंबर नाही. त्यात नुसतं लिहिलेलं, की मेघा सखोल प्रश्न विचारते, दुसऱ्याचं ऐकून घेते, जबाबदारीनं वागते. नाना म्हणाले, "हाई काय प्रगतिपुस्तक शे? पोरगी देखाले गये म्हंजे मध्यस्थ अशाच सांगस."

प्रेमराज हसला, पण हळूहळू त्यालाही काळजी वाटायला लागली. मेघा पाचवीत गेली. पाचवीपर्यंतचा अभ्यासक्रम संपला की त्या शाळेत सहावीपासून पुढचा सुरू होतो. लोक विचारत, पोरीला डॉक्टर व्हायचं झालं तर काय, आपल्याकडे हे चालतं का, दहावीचं बोर्ड कुठलं. प्रेमराजला यातलं धड एकही सांगता येईना. शेवटी तो देवपूरला येऊन नानांपुढे बसला आणि म्हणाला, "पहिलीचं चुकलं माझं. सहावीचं तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ती शाळा."

नानांनी डोळे मिटले. मेघाला देवपूरला आणायचं, सहावीला आपल्या माहितीच्या शाळेत घालायचं, आठवीची स्कॉलरशिप काढून घ्यायची, हे डोळे मिटण्याआधीच ठरलेलं होतं. ते तोंड उघडणार एवढ्यात कोकिळा म्हणाली, "नाना, ठरवा. पण फेब्रुवारीत पाचवीच्या मुलांचं प्रदर्शन असतं. एकदा येऊन बघा आणि मग ठरवा." सून कधी मध्ये बोलत नाही. ती बोलली म्हणून नाना थांबले.

हे झालं उन्हाळ्यात. मग श्रावण आला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजायची खानदेशात एक रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. तो पुण्याला असो, दुबईला असो, पाळण्यात असो, त्याची सव्वा मूठ सुपात पडते. भाऊबंदकी नानांच्या अंगणात जमली होती. मान नानांचा, म्हणून मोजायचेही नाना. नाव घ्यायचं, मूठ टाकायची. पुतण्याच्या तान्ह्या बाळाचं नाव आलं, त्याचीही पडली. मेघा सुपाशेजारी उकिडवी बसून बघत होती.

"नाना, माझी मूठ?"

बायका हसल्या. नानाही हसले. "पोरीस्नी नही ऱ्हास, माय."

"का पण?"

"काबर म्हंजे? असंच शे ते."

भिकुबाईंनी समजूत घातली, "तू सासरले जाशी ना, तठे तुना नवराना नावनी टाकतीन."

"ती त्याची झाली. माझी कधी?"

यावर सगळ्यांना एकदम कामं आठवली. कुणी चूल बघायला गेलं, कुणी नारळ शोधायला. मेघा रुसली असती तर नानांनी तिला जवळ घेतलं असतं, हातावर गूळ ठेवला असता आणि प्रकरण मिटलं असतं. पण ती रुसली नाही. गहू मोजून होईपर्यंत ती तिथंच बसून राहिली आणि एकेक नाव ऐकत राहिली.

दिवाळीत ती आली ती आईचा मोबाइल घेऊनच. नाना ओट्यावर बसले होते. तिनं मोबाइल मध्ये ठेवला, विचारलं, "नाना, रेकॉर्ड करू का? चालेल?" आतापर्यंत नानांना असं परवानगी मागून कुणी काही विचारलं नव्हतं. ते खुशीत आले. मग तिनं तोच प्रश्न काढला. रोटाची मूठ फक्त पुरुषांची का?

नाना म्हणाले, वाडवडिलांपासून चालत आलंय. ती म्हणाली, वाडवडिलांनी का सुरू केलं? नाना म्हणाले, वंश पुरुषाचा, जमीन पुरुषाच्या नावावर. ती म्हणाली, धरणगावचं शेत आईच्या नावावर आहे. नाना म्हणाले, घर पुरुषांवर मोजतात. त्यावर मेघानं मोबाइल जरा जवळ सरकवला. मग म्हणाली, "नाना, तुम्ही गाडीत माणसं मोजायचात ना? तेव्हा बायका सोडून मोजायचात का?"

"सोडीसन कसं चालीन? हिशोब चुकी जास."

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो. पोरीनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात जिंकल्याचा आनंदही नव्हता. तो असता तर नानांनी एक रपाटा दिला असता. ते वैतागून म्हणाले, "माले माहीत नही. जाय, खेळ."

"थँक्यू नाना," म्हणून ती खरंच खेळायला गेली. नानांना वाटलं, सुटलो एकदाचे.

फेब्रुवारीत प्रेमराजनं गाडी पाठवली. नाना इस्त्रीचं धोतर नेसले, भिकुबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं. चौपदरी रस्त्यानं गाडी पारोळ्यावरून अशी गेली की नानांना किल्ला दाखवायलाही सवड मिळाली नाही. टेकडीवर शाळा दिसली तेव्हा त्यांनी मनाशी पुन्हा एकदा घोकून घेतलं. देवपूर, सहावी, स्कॉलरशिप. बघायचं सगळं, पण हलायचं नाही.

आधी पालकांची सभा होती. विधी नावाच्या तरुण बाई उभ्या राहिल्या. पाचवीच्या मुलांचं सगळं त्याच बघत. माहेर पारोळ्याचं, प्रकाशचंद शेठच्या कापड दुकानातल्या, म्हणजे नानांची गाडी ज्या ओट्यासमोर थांबायची त्याच घरातल्या. हे कळल्यावर नाना जरा सैल होऊन बसले. बाईंनी सांगितलं, पाचवीपर्यंतचा हा प्राथमिक अभ्यासक्रम. त्याच्या शेवटी प्रत्येक मूल आपल्याला छळणारा एक प्रश्न निवडतं, त्याचा कितीतरी आठवडे माग काढतं, आणि जे सापडलं ते लोकांसमोर मांडतं. तेच आजचं प्रदर्शन. सहावी ते दहावी मधला अभ्यासक्रम. अकरावी-बारावीला डिप्लोमा, त्यात सहा विषय, शिवाय स्वतः शोधून लिहिलेला एक मोठा निबंध, समाजात जाऊन केलेलं काम, आणि आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, याचाच एक वेगळा तास. केंब्रिज बोर्डाच्या शाळांची वाट आपल्याहून वेगळी, तिथं दहावीच्या वयात विषयवार परीक्षा आणि मग पुढच्या दोन वर्षांत ए लेव्हल, म्हणजे तिथली बारावी.

नानांनी हात वर केला. "पहिला नंबर कोणाचा येतो?"

"नंबर नसतो, नाना. एका मुलाला दुसऱ्याशी मोजत नाही. काय जमलं म्हणजे चांगलं, ते माप आधीच सांगून ठेवतो आणि त्याच्याशी मोजतो. वरच्या वर्गांत एक ते सात श्रेणी मिळते, सात सगळ्यांत वरची."

"मग पहिलं कोण, हे कळणार कसं?"

"नाही कळत," बाई हसून म्हणाल्या.

नानांनी आजूबाजूला पाहिलं, आणखी कुणाला याचं दुःख होतंय का. प्रेमराजनं विचारलं, "डॉक्टरकीला जायचं असेल तर?"

"नीटची प्रवेशपरीक्षा सगळ्यांनाच द्यावी लागते. तिचा अभ्यास वेगळा करावा लागेल आणि डिप्लोमाचे विषय तसे बघून घ्यावे लागतील. होत नाही असं नाही, पण सोपं आहे असं मी सांगणार नाही. आणि एक, बोर्ड बदलायचं मनात असेल तर आत्ताच बदला. नववीत बदलणं मुलांना फार जड जातं."

नानांना हे आवडलं. मागं जागा आहे म्हणत प्रवासी आत घेणारे आणि मग जळगावपर्यंत उभ्यानं नेणारे त्यांनी जन्मभर पाहिले होते. ही बाई आधीच सांगत होती, की जागा कुठं आहे आणि कुठं नाही. तरी निर्णय काही हलला नाही. उलट बाईंनीच वाट मोकळी करून दिली, आत्ताच बदला म्हणून.

मग ते हॉलमध्ये गेले. आणि दारातच नानांचं पाऊल अडलं.

हॉलभर मुलं उभी होती. प्रत्येकाच्या मागं एक फळा, पुढं मोठी माणसं, आणि पोरं बोलत होती. कुणी पाठ केलेलं म्हणत नव्हतं. ते नानांना पहिल्या झटक्यात कळलं, कारण पाठ केलेल्याचा सूर त्यांच्या कानात मुरलेला होता. एक पोरगा केळीचा घड काढल्यावर उरलेल्या खांबांचं काय करता येईल ते सांगत होता. त्याला एका मोठ्या बागायतदारानं मध्येच खोडून काढलं, तर पोरगा म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं, लिहून घेऊ का?" आणि त्यानं खरंच लिहून घेतलं. गिरणा नदीच्या वाळूवर बोलणाऱ्या पोरीनं आपलाच एक आकडा चुकला होता असं आपण होऊन सांगितलं. नानांनी इतकी पोरं वाढवली, पण स्वतःची चूक असं घाम न फुटता सांगणारं पोर त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्यापुढं चूक म्हणजे भाकरी थांबायची.

मेघाचा फळा खिडकीशी होता. वर लिहिलं होतं, कोण मोजलं जातं? खाली एक सूप, त्यात गहू. देवपूरच्या घराच्या रेशनकार्डाचा फोटो, त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून भिकुबाईंचं नाव. एका सुतळीला चिमटे लावून कार्डं अडकवली होती. भाऊबंदकीतल्या बायका-पुरुषांना तिनं जे विचारलं त्याची उत्तरं. रीत आहे. देवीला आवडतं. मुलगी परक्याची. आम्ही कधी विचारलं नाही. आणि बरोबर मध्यभागी, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत एक कार्ड होतं.

झुलाल नाना : माहीत नाही.

एक अनोळखी पालक ते मोठ्यानं वाचत होते. नानांचे कान तापले. उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांच्या नावापुढं कुणी जोडलं नव्हतं. भाऊबंदकीचा माणूस इथं असता तर? ते पुढं होऊन ते कार्ड खस्सकन ओढणारच होते. मेघा पाठमोरी होती. तिला नाना दिसले नव्हते. ती त्या पालकांना सांगत होती.

"हे माझे आजोबा. ते धुळ्याला असतात. त्यांना सगळं माहीत असतं, सगळे लोक त्यांनाच विचारायला येतात. बाकीच्यांनी मला उत्तर दिलं आणि मग बोलणं संपलं. नानांनी पण आधी दिली उत्तरं. पण मग त्यांनी सांगितलं, माहीत नाही. ते खोटं उत्तर देऊ शकले असते. मी लहान आहे, मला कळलंही नसतं. नानांनाही माहीत नाही म्हटल्यावर मला कळलं, की माझा प्रश्न खरा आहे. म्हणून ते कार्ड मध्ये लावलं."

नानांचा हात तसाच राहिला. पोरीला पिटाळण्यासाठी टाकलेले ते शब्द होते, आणि तिनं ते असे उचलून मध्यभागी ठेवले होते. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून मोठं काहीतरी वाटलं. एवढीशी पोर, आपल्या अंगणात सुपाशेजारी बसलेली, आपण साठ वर्षं ज्या प्रश्नावरून न थांबता चालत गेलो त्याच्यापाशी ती एकटी थांबली होती. तिथं थांबायला तिला कुणी शिकवलं? कसं शिकवत असतील? ते थक्क होऊन बघत राहिले. देवळाच्या गाभाऱ्यात वाटतं तसं त्यांना काहीतरी वाटत होतं, आणि समोर तर नुसती दोन वेण्या घातलेली नात होती.

"मग बरोबर उत्तर काय निघालं?" त्या पालकांनी विचारलं.

"अजून नाही निघालं," मेघा म्हणाली. "पण माझ्या आजीनं मला तीन वेळा सांगितलं, रीत आहे. चौथ्यांदा ती म्हणाली, मलाही लहानपणी वाटलं होतं."

नानांनी मान वळवून भिकुबाईंकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं. भिकुबाई पदर नीट करत फळ्यावरचं स्वतःचं नाव बघत होत्या.

मेघानं वळून पाहिलं आणि धावत येऊन नानांच्या कमरेला मिठी मारली. विधी बाई हळूच येऊन म्हणाल्या, "नाना, आम्ही ह्यांना उत्तराचे गुण देत नाही. प्रश्न किती दूर नेला ते बघतो. हिनं फार दूर नेला." नानांनी मान हलवली.

दुपारी हॉल रिकामा व्हायला लागला. पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर सगळे टेकले. प्रेमराजनं घसा साफ केला. "मग नाना? काय ठरलं? अर्ज सहावीचा भरायचा, की दाखला काढायचा?"

नानांनी सवयीनं डोळे मिटले. देवपूर, सहावी, स्कॉलरशिप, सगळं जिथल्या तिथं होतं, पण ते तोंडातून निघेना. नानांनी डोळे उघडले आणि नातीला समोर ओढून घेतलं.

"मेघा, तुले काय वाटस? आठे ऱ्हावानं, का देवपूर येवानं?"

मेघानं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "नाना, तुम्ही उत्तर आधीच ठरवलंय का?"

प्रेमराज दटावणार होता. नानांनी हातानं त्याला थांबवलं.

"ठरायेल व्हतं," ते म्हणाले. "आते नही शे."

"मग मला जरा विचार करू द्या."

ती उठली आणि फळ्यावरची कार्डं एकेक करून काढायला लागली. नाना बुटक्या खुर्चीवर गुडघे वर करून बसून राहिले. आजवर एकाही पोराला त्यांनी उत्तरासाठी थांबू दिलं नव्हतं. आता थांबताना त्यांना आपलीच परीक्षा असल्यासारखं वाटत होतं. ती नाही म्हणाली तर? हो म्हणाली तर? काय येणार ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना कसं बसायचं असतं तेही ठाऊक नव्हतं.

मेघा चिमटे घेऊन परत आली.

"मला इथंच राहायचंय," ती म्हणाली. "देवपूर मला खूप आवडतं, नाना. पण तिथं सगळे प्रश्न तुम्ही विचारता."

कोकिळानं घाबरून सासऱ्यांकडे पाहिलं. नानांनी मेघाच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तिथंच राहिला.

"सहावीना अर्ज भर," ते प्रेमराजला म्हणाले. "आठलाच."